तलवारीच्या पाठीवरची अक्षरे

आमच्या चांद्यात जुन्या लोखंडाला वजनाचा भाव मिळतो. मोडकी पहार असो, बैलगाडीची धाव असो की पणजोबांची तलवार असो, भंगारवाल्याच्या तराजूला सगळे सारखेच. माझ्या छंदाला आरंभ झाला तो अशाच एका तराजूपाशी, 1976 साली. शाळा सुटल्यावर जटपुरा दरवाज्याच्या बाजूने घरी येत होतो. वाटेतल्या भंगाराच्या दुकानात खिळ्यांच्या ढिगातून एक नागमोडी पाते डोके वर काढून बसलेले दिसले. मूठ नव्हती, म्यान नव्हते. लांबी हातभराहून कमी. पण वळणे अशी, की जणू साप बिळाकडे निघाला आहे! दुकानदाराने वजन केले आणि मी पैसे मोजले. घरात पाऊल टाकताच सौभाग्यवतींनी विचारले, "भाजी कोठे आहे?" भाजीचे पैसे लोखंडात गेले होते.

त्या रात्री मी एक सिद्धान्त तयार केला. चांदा ही गोंड राजांची राजधानी, पाते सापासारखे, तेव्हा हे गोंड राजांच्या नागपूजेतले शस्त्र असले पाहिजे. हा सिद्धान्त मी शिक्षकांच्या खोलीत सांगितला, शेजाऱ्यांना सांगितला, एका स्नेहसंमेलनात तर व्यासपीठावरून सांगितला. सगळ्यांनी माना डोलावल्या. पुढे नागपूरला एका ग्रंथालयात शस्त्रांवरचे जाडजूड इंग्रजी पुस्तक चाळताना माझेच पाते चित्रातून माझ्याकडे पाहत असलेले आढळले. खाली नाव होते 'क्रिस', आणि देश जावा!

क्रिस हे जावा, बाली, मलाया या बाजूंचे शस्त्र. त्याची वळणे नेहमी विषम संख्येत असतात. मी घरी येऊन मोजली, ती तेरा भरली. मुठीजवळ त्याचे पाते एका बाजूला जास्त रुंद असते. माझेही तसेच होते. साधे लोखंड आणि निकेल असलेले लोखंड यांचे थर एकावर एक ठोकून ते घडवतात, आणि त्यातून पात्यावर ढगासारखी, पाण्याच्या लाटांसारखी नक्षी उमटते. तिला तिकडे 'पामोर' म्हणतात. जावातल्या प्रांबाननजवळ आकाशातून पडलेल्या उल्केचे लोखंडही या कामी वापरले गेले; तिचा उरलेला तुकडा सुराकार्ताच्या राजवाड्यात जपून ठेवला आहे. क्रिस पिढ्यान्‌पिढ्या घरात राहतो, त्याला मान असतो, आणि 'सुरो' या त्यांच्या वर्षाच्या पहिल्या महिन्यात त्याला स्नान घालतात. लिंबाच्या रसाने गंज काढतात, मग सोमल घातलेल्या रसाने लोखंड काळे करतात आणि निकेलची नक्षी चांदीसारखी उजळते. 2005 साली युनेस्कोने इंडोनेशियाच्या क्रिसला जगाच्या वारशात मानाचे स्थान दिले.

हे पाते चांद्याला कसे आले, ते मला आजवर कळलेले नाही. पण माझी फजिती झाली ती बरी झाली. शस्त्र स्वतःची ओळख सांगत असते, आपण आधीच बोलायला लागलो तर ती ऐकू येत नाही, एवढे शहाणपण त्या तेरा वळणांनी दिले. निदान मला तसे वाटले.

लोखंडाचा मुलूख

मग मी रीतसर शिकावयाचे ठरवले. नागपूरचे 'अजब बंगला' म्हणून लोकांना ठाऊक असलेले मध्यवर्ती संग्रहालय 1863 सालचे. तेथे आणि पुण्याला दिनकर केळकरांच्या राजा केळकर संग्रहालयात मी तासन्‌तास उभा राहिलो. केळकरांनी दिवे, अडकित्ते, सुपाऱ्यांचे डबे अशा घरगुती वस्तू गोळा करण्यात आयुष्य घातले आणि दिवंगत मुलाच्या नावाने तो सारा संग्रह 1975 साली सरकारच्या हाती दिला. त्यांच्या संग्रहात हिंडल्यावर माझ्यासारख्या चार पात्यांच्या धन्याला आपण 'संग्राहक' आहोत असे म्हणण्याची लाज वाटू लागते.

तेथे मी तलवार वाचावयास शिकलो. धार ही एक बाजू, तिच्या उलट पाठ. टोकाकडच्या भागाला पिपळा म्हणतात. मुठीच्या शेवटी मोगरा असतो आणि हाताच्या रक्षणाला परज. आपल्याकडच्या मुठीत पात्याचे शेपूट खिळ्याने नव्हे, तर राळेने घट्ट बसवलेले असते. म्हणून जुनी तलवार चुलीशेजारी ठेवली, की राळ विरघळून पाते हातात आणि मूठ जमिनीवर अशी गत होते. मुठी लहान असतात, म्हणून 'पूर्वीची माणसे लहान चणीची होती' असे पुष्कळ जण ठोकून देतात. खरे कारण निराळे आहे. हाताची चार बोटे मुठीत गच्च अडकावीत आणि वार ओढून घेताना मनगट हलू नये, म्हणून ती मूठ तशीच तंग केलेली असते.

सरळ रुंद पात्याचा तो खांडा. कोपरापर्यंत हात झाकणाऱ्या लोखंडी चिलखती मुठीचा तो पट्टा. युरोपातून आलेल्या सरळ पात्याला आपल्याकडची मूठ बसवली, की झाली 'फिरंग'. परदेशी पात्यांना इतका मान होता, की त्यांच्यावरच्या कोयत्यासारख्या खुणा आपल्याकडचे कारागीर देशी पात्यांवरही कोरीत. तेव्हा खूण दिसली म्हणून पाते विलायती ठरत नाही!

आणि गंमत अशी, की विलायती पात्यांना भुललेला हा देश स्वतः जगाला पोलाद पुरवीत होता. आमच्या चांद्याच्या दक्षिणेला वर्धा आणि पैनगंगा ओलांडून गेले, की निर्मळचा मुलूख लागतो. तेथल्या कोनासमुद्रम् गावी मातीच्या लहानशा बंद मुशीत लोखंड घालून तासन्‌तास तापवीत आणि हळूहळू थंड होऊ देत. त्यातून जी पोलादाची वडी निघे, ती विकत घ्यायला इराणचे व्यापारी त्या आडगावी येऊन राहत. दमास्कसच्या नावाने गाजलेल्या जौहरदार तलवारींचे पोलाद ते हेच. पात्यावर पाण्याच्या लहरींसारखी जी नक्षी दिसते, ती वर काढलेली नसते. ती पोलादाच्या पोटातच असते.

आमचा जिल्हाही लोखंडाचाच. लोहाऱ्याच्या डोंगराचे नावच पुरेसे बोलके आहे. एटापल्लीकडच्या सुरजागडच्या खनिजाचे ट्रक तर आता रात्रंदिवस धावत असतात. जमशेटजी टाटांनी पोलादाचे स्वप्न पाहिले ते चांदा जिल्ह्याच्या लोखंडावरचा 1882 सालचा एका जर्मन तज्ज्ञाचा अहवाल वाचून. वरोऱ्याचा कोळसा भट्टीच्या कामी उतरला नाही आणि बेत फसला. पुढे त्यांचे चिरंजीव दोराबजी नागपुरास एका बड्या अधिकाऱ्याची वाट पाहत असता सहज समोरच्या संग्रहालयात शिरले. तेथे भिंतीवरच्या नकाशात त्यांना दुर्गकडचे लोखंड दिसले, आणि शोधाची दिशा बदलली. नाहीतर टाटानगर आमच्याकडे झाले असते, असे चांद्याचे जुने लोक अजून हळहळून सांगतात.

हिरामणाची तलवार

चांद्यात तलवारीची कथा विचारावी, तर लोक बीरशहाची सांगतात. बल्लारपूर सोडून खांडक्या बल्लाळशहाने चांद्याला राजधानी आणली, परकोटाची आखणी केली. त्या वंशातला हा राजा. मुलीचा अपमान केला म्हणून त्याने देवगडच्या जावयावर स्वारी केली आणि त्याचे मस्तक महाकालीला वाहिले, असे सांगतात. त्याच्या पदरी हिरामण नावाचा एक रजपूत होता. त्याची तलवार मंतरलेली आहे अशी ख्याती होती. राजा त्याला सारखा म्हणे, "तुझ्या तलवारीची करामत एकदा दाखव तरी!" शेवटी राजाच्या दुसऱ्या लग्नाच्या वेळी हिरामणाने ती दाखवली, आणि राजा जागच्या जागी ठार झाला. राणी हिराईने पतीची जी देखणी समाधी बांधली, ती आजही अचलेश्वराजवळ उभी आहे. मी मुलांना ती समाधी दाखवावयास नेई, तेव्हा एखादा चुणचुणीत मुलगा हमखास विचारी, "गुरुजी, मग ती तलवार कोठे आहे?"

हा प्रश्न माझ्या मनात घर करून राहिला. एवढ्या तलवारी गेल्या कोठे? 1751 च्या सुमारास नागपूरच्या रघूजी भोसल्यांनी चांदा घेतला. 1818 च्या मे महिन्यात इंग्रजांनी तोफांनी परकोट फोडला आणि किल्लेदार गंगासिंग लढता लढता पडला. 1858 साली अहेरीच्या रानात मोलमपल्लीचे बाबुराव शेडमाके उठले. त्यांना 21 ऑक्टोबर 1858 रोजी चांद्याच्या तुरुंगात फाशी दिले. पुढे 1878 चा शस्त्रांचा कायदा आला. घरात तलवार ठेवणे म्हणजे संकट ठेवणे झाले. काही विहिरीत गेल्या, काही लोहाराच्या भात्याशी. मूलकडच्या एका घरी मी एक विळी पाहिली आहे. तिच्या पात्यावर दोन सरळ खोलगट रेघा होत्या. विळीला असल्या रेघांचे काय काम? ते तलवारीचे पाते होते. घरच्या सुनेने तिच्यावर माझ्यासमोर वांगी चिरली आणि त्यांची भाजी मी चवीने खाल्ली.

कायद्याचे निघालेच आहे म्हणून सांगतो. 1959 च्या कायद्याखालच्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची शस्त्रे मोडतात. शेतीची आणि घरकामाची हत्यारे त्यातून वगळली आहेत. म्हणून भामरागडचा माडिया खांद्यावर कुऱ्हाड टाकून उजळ माथ्याने बाजारात येतो, आणि मला मात्र प्रत्येक तलवारीगणिक पोलीस ठाण्यात जाऊन कागद करावे लागतात. शंभर वर्षांहून जुनी वस्तू तर 1972 च्या कायद्याने परदेशी पाठवताच येत नाही. छंद करणाऱ्याने हे आधी समजून घ्यावे.

लिंबाचा रस

आता जे सांगावयाचे ते सांगतो. इतकी वर्षे ते मी कोणाला सांगितले नव्हते.

1991 साल. आरमोरीच्या बाजूला एका गावी जुने गोंड मालगुजारांचे घर होते. मालगुजारी 1951 साली गेली. घर, आंब्याची झाडे आणि देवघरातली एक तलवार एवढे उरले. त्यांचा नातू माझ्या शाळेत शिकलेला, म्हणून त्या घरी मला मान. दसऱ्याला पंधरा दिवस होते. म्हातारे मालक ती तलवार कापडात गुंडाळून माझ्याकडे घेऊन आले. म्हणाले, "गुरुजी, तुमाले यातलं समजते. जंगानं खाल्ली जी हिले. पूजेले जराशी साफ करून द्या."

सरळ पाते, परजेची भक्कम मूठ, वर लालसर गंजाचा थर. मला आठवला क्रिस! जावाचे लोक शतकानुशतके लिंबाचा रस वापरतात, मग आपण का नाही? मी डझनभर लिंबे आणली. रसात भिजवलेल्या फडक्यांत पाते रात्रभर गुंडाळून ठेवले. सकाळी विटकरीची वस्त्रगाळ पूड घेऊन घासावयास बसलो. गंज भराभर निघू लागला, खालून पांढरे पोलाद हसू लागले. मला केवढा आनंद झाला!

पाते उलटे करून पाठ घासली. घासता घासता फडक्यावर काहीतरी चमकले. मी चष्मा लावून पाहिले. विटकरीच्या लाल चिखलात सोन्याचे बारीक कण होते.

मी पाते उन्हात नेले. मुठीजवळ पाठीवर 'श्री' स्पष्ट दिसत होते, त्यापुढे एक अर्धे अक्षर, आणि मग वीतभर लांबीत पुसट पुसट ओरखडे. तेथे ओळ होती. एखादे नाव होते, पद होते, कदाचित साल होते. दीडदोनशे वर्षे गंजाच्या पांघरुणाखाली ती झोपली होती. मी ती लिंबाने धुऊन टाकली.

असे का व्हावे, ते मी मागाहून शिकलो. क्रिसची नक्षी लोखंडाच्या पोटात असते, म्हणून रस लावला की ती उजळते. पण आपल्या तलवारीवरची सोन्याची अक्षरे कोफ्तगिरीची असतात. पोलादावर बारीक उभ्याआडव्या रेघांची खरवड करून तिच्यात सोन्याची तार ठोकतात. पुढे गंज त्या सोन्याखाली शिरतो, आणि सोने लोखंडावर न राहता गंजावरच तरंगत राहते. गंज काढला, की सोने त्याच्याबरोबर जाते. हे ज्याला ठाऊक आहे, तो पाठीला हातही लावीत नाही. मला क्रिस ठाऊक होता, तलवार ठाऊक नव्हती. आणि अर्धे ठाऊक असल्याचा गर्व मात्र पुरता होता.

मी तेल लावले, पाते पुसले आणि गप्प बसलो. मालक आले. तलवार म्यानातून काढताच त्यांचे डोळे भरून आले. "आज्याच्या वक्ती अशीच चमकत असन जी!" असे म्हणून ते माझ्या पायाशी वाकू लागले. मी त्यांना कसाबसा धरले. त्या क्षणी सांगावयास हवे होते. मी सांगितले नाही.

लंडनहून आलेली बातमी

चौतीस वर्षे गेली. 2025 च्या एप्रिलअखेर वर्तमानपत्रात बातमी वाचली. लंडनच्या लिलावात एक मराठी तलवार निघाली होती आणि महाराष्ट्र सरकारने ती 47 लाख 15 हजार रुपयांना मिळवली. 18 ऑगस्ट 2025 रोजी ती मुंबईत आली. पाते युरोपी बनावटीचे, सरळ, एकधारी. मुठीवर सोन्याचे काम. तिच्या पात्याच्या पाठीवर सोन्याची देवनागरी अक्षरे होती: 'श्रीमंत राघोजी भोसले सेनासाहेब सुभा फिरंग.' ज्यांनी आमचा चांदा घेतला, तेच हे पहिले रघूजी. 1817 च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर ती नागपुराबाहेर गेली असावी, असा अंदाज आहे.

घरातल्यांना लाखांच्या आकड्याचे नवल वाटले. माझी नजर मात्र 'पात्याच्या पाठीवर' या शब्दांवरून हलेना. ती ओळ नसती, तर ती तलवार अनेक फिरंगांतली एक फिरंग ठरली असती. एका ओळीने तिला धनी मिळाला, गाव मिळाले आणि घरची वाट मिळाली.

दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात मी आरमोरीची एस. टी. धरली. वय झाले आहे. पण हे काम टपालाने होण्यासारखे नव्हते. म्हातारे मालक केव्हाच वारले होते. त्यांची सून, आता आजीबाई, ओसरीवर मोहाची फुले निवडीत होत्या. मी चहा घेण्याआधीच सगळे सांगून टाकले. लिंबे, विटकर, सोन्याचे कण, काही गाळले नाही.

त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मामंजीले हे सांगतले होते का जी?"

"नाही, बाई. धीर झाला नाही."

"सांगाले पायजे होतं," त्या म्हणाल्या. "ते रागावले नसते. त्याइले वाचता येत नोहतं, पन अक्षरं हायेत हे मालूम होतं. दर दसऱ्याले पाठीवरून बोट फिरवत. तुमी साफ करून देल्यावर बी फिरवत. मंग एक डाव म्हनाले, 'गुरुजीच्या हातून गेली वाट्टे.' तुमाले कावून सांगाचं, म्हनून नाही सांगतलं."

वाचकहो, त्या ओसरीवर माझी काय अवस्था झाली, ते लिहीत नाही.

आजीबाईंनी तलवार बाहेर आणली. मी तिरप्या उन्हात भिंगाने पाठ न्याहाळली, पातळ कागद ठेवून त्यावर हलक्या हाताने शिसपेन्सिल फिरवली. 'श्री' उमटले, अर्धे अक्षर उमटले, पुढे चार ठिकाणी नुसते ओरखडे. ते अर्धे अक्षर 'म' असू शकते, तसेच 'भ' किंवा 'स'ही असू शकते. कोणा राजाचे नाव तेथे बसवण्याचा मोह फार झाला. पण सापाच्या शस्त्राचा तो जुना सिद्धान्त आठवला आणि मी हात आवरला. ही तलवार घरात कशी आली, याविषयी सासूकडून ऐकलेले आजीबाईंनी जे सांगितले, ते त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवून घेतले. एक प्रत त्यांच्या देवघरात ठेवली, एक माझ्याकडे. त्यात खरे किती आणि भर किती, हे पुढच्या जाणत्याने ठरवावे. निदान त्याला पाहावयास काहीतरी राहील.

तुमच्याही घरी माळ्यावर किंवा देवघरात एखादी तलवार, कट्यार, बिचवा असेल. हात जोडून विनंती आहे, की लिंबू, चिंच, राख, विटकर, यांतले काही तिला लावू नका. कोरड्या मऊ फडक्याने पुसा, शिवणयंत्राच्या तेलाचा पुसट हात द्या. चामड्याचे म्यान ओल धरते, म्हणून पावसाळ्यात पाते त्यात कोंडून ठेवू नका. आधी पाठीवरून बोट फिरवून पाहा. सकाळच्या तिरप्या उन्हात छायाचित्र घ्या, कागदावर ठसा घ्या, आणि घरातले सर्वांत वृद्ध माणूस त्या शस्त्राविषयी जे सांगते ते लिहून काढा. गंज शंभर वर्षे थांबतो. माणसे थांबत नाहीत.

निघताना आजीबाई म्हणाल्या, "पुढच्या दसऱ्याले या जी, गुरुजी. तेल तुमीच लावा."

मी जाणार आहे. तेलाची बाटली आणि मऊ फडके पिशवीत आतापासूनच घालून ठेवले आहे.